माल कुणाचा?

दुधाची रिकामी पिशवी मुठीत चुरगळली तर फारसा आवाज होत नाही. नव्या शर्टावरची पिशवी चुरगळली की कुरकुरते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना दोन्ही प्लास्टिकच; पण दोन्ही एका गोणीत गेल्या की भंगाराच्या दुकानात अख्ख्या गोणीचा भाव पडतो. आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या मावशी ही निवड न बघता करतात. नजर पुढच्या ढिगावर, तोंडानं शेजारणीशी बोलणं चालू, आणि हात पिशवी दाबून, तिचा आवाज ऐकून तिला तिच्या गोणीत टाकून मोकळा. कडक प्लास्टिकच्या तुकड्याबद्दल शंका आली तर तो वाकवून बघायचा. दुमडल्या जागी पांढरा पडला तर एका गोणीत, कट्‌कन तुटला तर दुसऱ्या. भंगारवाल्याकडे याच्याही पुढची परीक्षा असते. काडी ओढून तुकड्याचं टोक जरासं जाळायचं आणि धुराचा वास घ्यायचा.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात नोकरी केली; आता निवृत्त आहे. तपासणीच्या टेबलावर माणसं कशी काम करतात हे वर्षानुवर्षं पाहिलं. मावशी जिथे माल निवडतात त्या कोथरूडमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर जे चाललं होतं ते मला ओळखीचं वाटलं. कारखान्यात याला इन्स्पेक्शन म्हणतात आणि ते करणाऱ्याला टेबल, खुर्ची, डोक्यावर दोन ट्यूबलाइट आणि महिन्याचा पगार मिळतो. इथे जमिनीवर पसरलेली ताडपत्री, तिच्याभोवती उकिडव्या बसलेल्या बाया, आणि कडेला उभ्या गोण्या: पुठ्ठा, रद्दी, पांढरा कागद, रंगीत कागद, दूधपिशवी, पाण्याच्या बाटल्या, त्या बाटल्यांची बुचं वेगळी, कडक, काच, पत्रा, आणि एका लहानशा पिशवीत जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. प्रत्येकीच्या गोण्या वेगळ्या, कारण प्रत्येकीची कमाई वेगळी.

माझा भाचा हिंजवडीत कॅमेऱ्यानं वस्तू ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं मला परदेशातल्या एका वर्गीकरण केंद्राचा व्हिडिओ दाखवला. पट्ट्यावरून कचरा धावत येतोय, वरून चार-पाच यांत्रिक हात झपाझप खाली येऊन एकेक वस्तू उचलतायत. तो म्हणाला, "मामा, दहा वर्षांत हे काम माणसं करणार नाहीत. आणि खरं सांगू का, करूही नये." त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्याला मनापासून वाटत होतं की कुणाच्याही हातांना दुसऱ्याची घाण लागू नये. त्या दुसऱ्या वाक्यानं मला बरेच महिने सोडलं नाही. पहिल्या वाक्याचा हिशेब करता येतो, दुसरं तसं नाही.

पहिल्याचाच हिशेब आधी करू.

ते यंत्र खरोखर अप्रूप वाटावं असं आहे, आणि मी आयुष्य यंत्रांत काढलेला माणूस आहे, मला त्याचं कौतुक करण्यात कसलाच कमीपणा वाटत नाही. कचरा आधी मोठ्या फिरत्या चाळणीतून जातो. माती, बारीक चुरा गळून पडतो. लोखंड चुंबक ओढून घेतो. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, म्हणून त्याच्याखाली वेगानं फिरणारं चुंबकीय क्षेत्र ठेवतात. त्यानं धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि डबा पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे पडतो. प्लास्टिकसाठी डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश टाकतात. प्रत्येक जातीचं प्लास्टिक त्यातल्या वेगवेगळ्या लहरी शोषून घेतं, आणि परत आलेल्या प्रकाशावरून बाटली कुठल्या जातीची ते कळतं. पट्टा सेकंदाला दोन-तीन मीटर वेगानं धावत असतो. बाटली टोकाला पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो आणि नेमक्या त्या जागेवरच्या नळीतून हवेचा फवारा येऊन ती बाजूच्या कप्प्यात ढकलली जाते. अगदी अलीकडे यात कॅमेरा आणि यांत्रिक हात आले. असा एक हात मिनिटाला ७०-८० वस्तू उचलतो, असं बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. माणूस साधारण त्याच्या निम्म्यानं उचलतो, आणि तोही दमेपर्यंत.

यंत्राचे अडाखे कुठे चुकतात तेही जाणण्यासारखं आहे. काळ्या प्लास्टिकमधला कार्बनचा रंग तो प्रकाश गिळून टाकतो, परत काही येतच नाही, त्यामुळे हॉटेलातून जेवण येतं तो काळा डबा त्या यंत्राला दिसत नाही. त्यासाठी वेगळे कॅमेरे, वेगळे प्रकाश लावावे लागतात. चिप्सच्या पुड्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. यंत्र ओळखेल, पण ओळखून करायचं काय, कारण ते थर सुटे करून विकत घेणारा जवळपास कुणी नाही. ओला कचरा लागलेला कागद तर यंत्रालाही नको आणि मावशींनाही नको.

आता माझा मुद्दा. कुठलंही यंत्र कारखान्यात येतं ते कुठल्या तरी अडचणीचं उत्तर म्हणून येतं, आणि आम्हाला शिकवलेलं होतं की आधी अडचण नीट लिहून काढा. अमेरिकेत नि युरोपात ही यंत्रं का आली? तिकडच्या अनेक शहरांत कागद, काच, डबे, बाटल्या सगळं एकाच पेटीत टाकायची पद्धत रुजली. घरोघरी सोय झाली, पण ते सगळं पुन्हा सुटं करायचं काम केंद्रावर येऊन पडलं. पट्ट्याशेजारी उभं राहून ते करायला माणसं मिळेनात. मिळाली तर टिकेनात, मजुरी महाग. बरंचसं अर्धवट निवडलेलं भंगार चीनला पाठवून देता येत होतं म्हणून चाललं. २०१८ मध्ये चीननं दार लावून घेतलं. मालात अर्ध्या टक्क्याहून जास्त भेसळ चालणार नाही, अशी अट घातली. त्यानंतर स्वच्छ निवडल्याशिवाय माल विकलाच जाईना, आणि यंत्रांची मागणी वाढली. मिसळलेला माल, माणसांची टंचाई, महाग मजुरी: अडचण ही होती.

पुण्यात यातलं काय आहे? माणसांची टंचाई नाही. आणि आमच्या इमारतीसारख्या हजारो इमारतींत माल दारातच सुटा मिळतो. ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी पॅड नि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका. मावशी दारात येतात, बादली बघतात, चूक दिसली तर आमच्या वहिनींनासुद्धा ऐकवतात. या शहरातलं वर्गीकरण तिथे होतं, उंबरठ्यावर. तो माल पुन्हा एकत्र होतो तो दाबून भरणाऱ्या मोठ्या गाडीत. एकदा त्या गाडीच्या पोटात पुठ्ठा आणि वरण एकजीव झालं की मग खरंच कोट्यवधींचं यंत्र लागेल. आधी मिसळायचं, मग सुटं करायचं यंत्र आणायचं, ही योजना मी शॉपवर असताना कुणी मांडली असती तर तिला मंजुरी मिळाली नसती.

हे दारातलं काम पुण्यात आपोआप उगवलेलं नाही, आणि भाच्यानं व्हिडिओ दाखवला तेव्हा मला ही कहाणी त्याला सांगावीशी वाटली होती.

मावशींच्या सासूबाई बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आल्या. त्या वेळी पुण्यात आलेल्या दलित कुटुंबांतल्या, विशेषतः मातंग आणि बौद्ध समाजातल्या, कितीतरी बायकांना हेच काम मिळालं; कारण त्याला भांडवल लागत नव्हतं, ओळख लागत नव्हती, आणि दुसरं कुणी ते करत नव्हतं. पालिकेच्या कुंडीत उतरायचं, आकडीनं ढीग उपसायचा. कुत्री अंगावर यायची, पोलीस चोर म्हणून धरायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लोकांनी या बायकांसोबत काम सुरू केलं. अक्षरओळखीपेक्षा बायकांना हवं होतं ते स्वच्छ भंगार. आजूबाजूच्या घरांनी सुका कचरा वेगळा काढून थेट त्यांच्या हातात द्यायचा, अशी व्यवस्था बसली. आणि बसते न बसते तोच एका उद्योजकानं त्याच भागात मोटारगाडी लावून घरोघरचा कचरा न्यायची सेवा सुरू केली.

म्हणजे यंत्राशी पहिली गाठ तेव्हाच पडली होती. यंत्र म्हणजे एक गाडी, एवढंच. ती कचरा जलद न्यायची, आणि कचऱ्याबरोबर भंगारही न्यायची. बायका तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, लोकांशी बोलल्या, आणि त्या घरांनी ते काम पुन्हा बायकांना दिलं. त्या प्रसंगानं एक गोष्ट सगळ्यांना उमगली की एकेकटीनं हे टिकणार नाही. १९९३ साली हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीनं दिलेल्या ओळखपत्रांना पुणे महापालिकेनं मान्यता दिली. चोर म्हणून धरल्या जाणाऱ्या बाईच्या गळ्यात शिक्का असलेलं कार्ड आलं. पुढे या बायकांचीच सहकारी संस्था झाली, 'स्वच्छ', आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. आज तिच्या सभासद साडेतीन हजारांच्या घरात आहेत. रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा होणाऱ्या शहरात घरोघरच्या दारात उभी राहणारी व्यवस्था त्यांची आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत देशभरच्या पालिकांना सांगितलं गेलं की कचरावेचकांना आपल्या व्यवस्थेत सामावून घ्या. पुण्यात ते त्याआधीच घडत होतं.

या करारात एक गोष्ट आहे, जिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. मावशींना घरटी महिन्याचं शुल्क मिळतं. पण त्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा त्या शुल्कात नसतो, सुक्या कचऱ्यातून निघालेल्या मालात असतो. दारातून उचललेलं भंगार त्यांचं. ते विकायचा हक्क त्यांचा. हा हक्क कुठल्या यंत्रानं जातो नि कुठल्या यंत्रानं जात नाही, ही माझ्या मते या सगळ्या चर्चेतली खरी वाटणी आहे. यंत्रमानव चांगला की वाईट, हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटत नाही.

आमच्या कारखान्यात वेल्डिंगचे रोबो आले तेव्हा मी तिथे होतो. बॉडीच्या लाइनवर ठिणग्यांत उभे राहणारे वेल्डर, हातावर भाजल्याचे डाग, डोळ्यांच्या तक्रारी. त्यांच्या जागी रोबो आले आणि ते काम माणसाच्या अंगावरून उतरलं याचा मला आनंद झाला, आजही आहे. पण माणसांचं काय झालं, तर त्याचे दोन वेगवेगळे इतिहास आहेत. जे कायम होते त्यांच्या वतीनं युनियन बोलणीला बसली. काहींना प्रशिक्षण मिळालं, ते रोबोच्या देखभालीला गेले. काहींनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. जे कंत्राटी होते त्यांच्याशी कुणी बोलणी केली नाही. त्यांचं कंत्राट त्या महिन्यात नूतनीकरण झालं नाही, बस्स. तेच काम, तीच लाइन, बऱ्याचदा जास्त कौशल्य, पण कागदावर त्यांचा कारखान्याशी संबंधच नव्हता. त्यातला एक मुलगा असा होता की त्याच्या हाताखालच्या सांध्यात कधी रिजेक्शन निघत नसे. रोबोला वेल्डिंगचा मार्ग शिकवायचा होता तेव्हा त्याच्याच हाताची चाल बघून तो आखला गेला. नंतर तो मला आकुर्डीत एका गाड्यावर भेटला, वडापाव तळत होता. मला पैसे देऊ दिले नाहीत.

रोबो तोच असतो. त्याच्याशी बोलणी करायची ताकद कुणाजवळ आहे आणि कुणाजवळ नाही, यावर पुढचं ठरतं.

म्हणून मावशींच्या शेडमध्ये उद्या यांत्रिक हात येऊन बसेल, ही भीती मला दुय्यम वाटते. भंगारावरचा हक्क जायला एवढी प्रगत यंत्रं लागतच नाहीत. एका निविदेतलं एक कलम पुरेसं आहे: 'संकलित कचऱ्याची मालकी ठेकेदाराची राहील.' गाड्या आल्या, जीपीएस आलं, नियंत्रण कक्षात पडद्यावर हिरवे ठिपके हलू लागले, आणि पैसे टनावर मिळू लागले, की वजन वाढवणारी प्रत्येक गोष्ट ठेकेदाराला हवीशी होते. ओल्याचं पाणी आणि सुक्याचा पुठ्ठा दोन्ही त्याला वजनच.

जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पांचंही तसंच. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत २०२३ च्या ऑगस्टमध्ये १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे ७०० टन कचरा खपवण्याची त्याची क्षमता. कचराडेपोशेजारी राहणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराची घाण किती वर्षं सोसली हे विसरून कुणी बोलू नये. डेपो नको, यावर माझं दुमत नाही. पण भट्टीला काय लागतं? उष्णता देणारा माल लागतो: कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. मावशींच्या गोण्यांत जे जातं नेमकं तेच. भट्टी एकदा पेटली की तिला रोज ठरलेलं खाणं हवं, आणि तिचा हिशेब पंचवीस-तीस वर्षांचा असतो. ज्याचा पुन्हा माल होऊच शकत नाही तेवढंच तिला मिळेल, असं लिहून घेतलं तर माझी हरकत कमी होईल. जळून गेलेला पुठ्ठा कागदगिरणीत परत जात नाही, आणि तो निवडणाऱ्या, विकणाऱ्या, वाहणाऱ्या, गठ्ठे बांधणाऱ्या सगळ्यांची मजुरीही त्याच्याबरोबर जाते.

ही साखळी किती लांब आहे ते कुदळवाडीत दिसायचं. चिखलीजवळच्या त्या भागात भंगाराची गोदामं मैलभर पसरली होती. एकात नुसती बुचं, एकात नुसत्या तुटक्या बादल्या, एकात वायर सोलणारी पोरं. तिथल्या धुराबद्दल आणि आगींबद्दल लोक तक्रार करायचे, त्यात तथ्य होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत पोकलेन लावून तिथली पत्राशेड मोठ्या संख्येनं जमीनदोस्त झाली. तिथे ज्यांचं काम गेलं ते कुठल्याही यंत्रमानवानं घेतलेलं नाही. मोठ्या व्यापाऱ्यानं दुसरीकडे जागा बघितली असेल. बुचं निवडणारी बाई कुठे गेली, याची नोंद कुठल्याच यादीत असणार नाही, कारण ती कधीच कुणाच्या हजेरीपटावर नव्हती.

आता भाच्याचं दुसरं वाक्य. हे काम कुणी करूच नये.

मी ते मावशींना विचारलं. शेडच्या बाहेर चहा चालला होता. त्या म्हणाल्या, "काका, कुठलं काम म्हणताय? डायपर उघडा निघतो ते काम? सुई टोचते ते? ते न्या की मशीनला, आज न्या. चार जिने बादली घेऊन चढायचं न्या. गोणी टेम्पोत टाकायची न्या, माझी कंबर त्यातच गेली. पण माल निवडायचा मी का सोडू? तिथं तर पैसा आहे." शेजारची एक तरुण मुलगी, त्यांच्याच गटातली, म्हणाली, "आणि डोकं पण तिथंच लागतं."

मला यात पूर्ण आराखडा मिळाला. स्वयंचलित यंत्र आणायचं तर ते नेमकं कुठे, हे या बायकांइतकं स्पष्ट मला कुठल्या सादरीकरणात सापडलेलं नाही. आमच्याकडे यंत्र कुठल्या जागी बसवायचं हे ठरवताना तीन गोष्टी बघायचे: जिथे माणसाला इजा होते, जिथे ओझं आहे, जिथे तेच ते आहे. भंगारात मात्र यंत्र आधी तिथे जातं जिथे किंमत आहे. बाटल्या निवडणारा हात बनवायला भांडवल लगेच मिळतं. चौथ्या मजल्यावरून बादली खाली आणणारं काही बनवायला, किंवा उघडा डायपर माणसाचा हात न लागता वेगळा काढायला कुणी पुढे येत नाही, कारण डायपरला भाव नाही.

यंत्रांशी या बायकांचं वैर असतं तर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं त्यांनी स्वागत केलं नसतं. जुन्या तराजूत दांडी कुठे धरायची, दगड कुठला ठेवायचा, हे सगळं दुकानदाराच्या हातात असायचं. आकडा लाल अक्षरांत दिसू लागला तसं त्यांना भांडता येऊ लागलं. पंचायतीनं स्वतःची भंगार दुकानं चालवून बघितली तीही याच कारणासाठी, काटा आणि भाव दोन्ही आपल्या डोळ्यांसमोर असावेत म्हणून. गठ्ठे बांधायचं दाबयंत्र ज्या गटाकडे असेल त्यांचा पुठ्ठा टेम्पोत कमी जागा घेतो, आणि तो मधल्या दुकानाऐवजी थेट मोठ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. एका दाबयंत्रानं कुणाचं काम जात नाही, उलट एक दलाल कमी होतो. तेच दाबयंत्र ठेकेदाराचं असेल तर उलटा परिणाम होईल. लोखंड तेच, तेल तेच, फक्त कागदावरचं नाव वेगळं.

पुढच्या पिढीबद्दल मी उगाच गोड बोलणार नाही. मावशींची मुलगी नर्सिंगचं शिकते आहे आणि तिनं या शेडमध्ये यावं असं आईला मुळीच वाटत नाही. ते तसंच असायला हवं. जातीनं जे काम ठरवून दिलं ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहावं, असं म्हणणाऱ्यांत मला जायचं नाही. पण मुलगी नर्सिंग शिकते ती आईच्या आजच्या कमाईवर. ती शिकून बाहेर पडायच्या आधी आईच्या गोण्या गेल्या, तर मुलगीच कामाला लागेल, आणि तेही याहून कमी पैशाच्या. माणसांना या कामातून बाहेर काढायचं असेल तर तेवढ्या वर्षांचा पूल आधी बांधावा लागेल.

पूल कसा बांधायचा, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि बाबा आढावांच्याच चळवळीशी त्याचं नातं आहे. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना मालक असा कुणी नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं स्थापन झाली. मजुरीबरोबर तिच्या ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्यानं मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. रोजचा मालक बदलला तरी हक्क बदलत नाहीत. त्या मंडळांत आज काय-काय बिघडलं आहे यावर वेगळा लेख होईल, तरी त्यामागची कल्पना मला अजून पक्की वाटते. माझं म्हणणं असं की शहरात कुठलंही स्वयंचलित वर्गीकरण केंद्र उभं राहिलं, तर त्याच्या पट्ट्यावरून जाणाऱ्या दर टनामागे ठरलेली रक्कम कचरावेचकांच्या मंडळात जमा व्हावी. पट्टा टन मोजतोच, वेगळा खर्च नाही. आणि त्या केंद्रात यंत्रचालक, देखभाल, गुणवत्ता तपासणी या जागांवर पहिला हक्क त्यांचा. दुमडल्यावर पांढरं पडणारं प्लास्टिक आणि कट्‌कन तुटणारं प्लास्टिक ज्यांच्या बोटांना ओळखू येतं, त्यांना कॅमेऱ्याची चूक दाखवायला सहा महिने शिकवावं लागणार नाही. भाच्याला हे पटलं. तो म्हणाला, त्याच्या कंपनीत फोटोंवर नावं लिहायला पदवीधर मुलं बसवली आहेत, आणि त्यांना दूधपिशवी नि इतर पिशवी यांतला फरक कळत नाही.

सध्या मी आणि मावशींचा गट मिळून एक टेबल आखतोय. हाताला काम असावं म्हणून मी सुरू केलं. आता त्यात त्या माझ्याहून जास्त गुंतल्या आहेत. मोठं काही नाही. दोन फूट रुंद, बारा फूट लांबीचा सावकाश सरकणारा पट्टा, दोन्ही बाजूंना गोण्या अडकवायला कड्या, वर उजेड. उंची ठरवायलाच दोन बैठका गेल्या. उभ्यानं काम करायचं तर गुडघे जातात, जमिनीवर बसून मान नि कंबर जाते, म्हणून पाठ टेकता येईल असं स्टूल आणि त्याला बेताचं टेबल. पट्ट्याचा वेग एकीनं ठरवायचा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. थांबवायचं बटण प्रत्येकीच्या हाताशी हवं, कारण बाटलीत ॲसिड आहे की पाणी हे बघायला कुणालाही थांबावं लागतं. कमी किमतीची पाकिटं पट्ट्याच्या शेवटी आपोआप पडू द्यायची, त्यासाठी हात घालायचा नाही. भिशीतून निम्मे पैसे त्या घालणार आहेत, म्हणजे टेबल गटाच्या नावावर राहील. उरलेल्यासाठी आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारलंय. भोसरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्यानं पट्टा आणि रोलर लागत भावात द्यायचं कबूल केलं आहे. मोटर एक फेजवर चालणारी मिळेल. शेडला वीजमीटर नाही, त्याचा अर्ज तयार आहे. सोमवारी तरुण मुलगी आणि मी तो घेऊन जाणार आहोत.